प्रमाणित नक्कल

पायऱ्या उतरताना डोकं सांभाळा, मी प्रत्येकाला सांगते,
आणि प्रत्येकाचं डोकं त्या पाइपाला लागतंच.
नेब्रास्कातल्या आमच्या छोट्या कोर्टात
काडीमोडाची दप्तरं तळघरात आहेत, बॉयलरच्या शेजारी.
एकोणीस वर्षं मी त्यांच्यासोबत डबा खाते.

लोक फोनवर विचारतात, मिळेल का?
मिळेल. पण नक्की हवंय काय?
नुसता दाखला हवा तर लिंकनला लिहा,
त्यावर दोन नावं, एक तारीख, संपलं.
हुकूमनामा हवा,
म्हणजे मुलं कुणाकडे, गाई कुणाकडे,
शिवणयंत्र कुणी उचललं,
तर तो इथं.
साल सांगा. आठवत नसेल
तर त्या वर्षी काय घडलं ते सांगा.
एक बाई म्हणाली, गारांनी मका झोपवला ते वर्ष.
मी बरोबर तोच खण ओढला.

डार्ला मंगळवारी आली, डोकं चोळत.
आईच्या पेन्शनचा फॉर्म होता हातात.
घटस्फोटित बायकोला नवऱ्याच्या खात्यावर हक्क सांगता येतो,
पण लग्न दहा वर्षं टिकलेलं हवं. पुरी दहा.
"आई म्हणते, नऊच भरली असतील.
पण म्हणते, बघून तरी ये."

सेडलाचेक नावाखाली काही निघेना.
या नावाची कुणी कशीही वाट लावतं.
शेवटी 'झेड'ने लिहिलेलं सापडलं,
वादी रोझलिन, प्रतिवादी एल्डन,
अर्ज दाखल ऑगस्ट ऐंशी.

"फार छळलं त्याने शेवटी," डार्ला म्हणाली,
"तारखांवर तारखा.
आई पंचेचाळीस मैल गाडी हाकत यायची
आणि हा गैरहजर."

खरंच होतं. नोव्हेंबरात दाढ दुखत होती.
एप्रिलमध्ये ट्रॅक्टर ओढ्यात गेला होता.
आणि मधे, फेब्रुवारीत,
शिशाच्या पेन्सिलीने, वहीच्या फाडलेल्या पानावर:
न्यायाधीश महाराज,
गव्हाची कापणी चालू आहे, येणं जमत नाही,
मे महिन्यातली तारीख दिलीत तर उपकार होतील.

मी वाचलं. तिने वाचलं.
आम्ही दोघी इथल्याच.
आमच्याकडे गहू जुलैत कापतात.
फेब्रुवारीत शेतात असतो
तो खिडकीच्या चौकटीपर्यंत बर्फ.

न्यायाधीशही शेतकऱ्याच्याच घरातला होता.
त्याने समासात फक्त लिहिलंय: मंजूर.

मग मी शेवटचं पान उलटलं.
हुकूमनामा, वीस मे एक्याऐंशी.
डार्लाने लग्नाचा दाखला शेजारी ठेवला.
नऊ मे एकाहत्तर.
तिने बोटांवर मोजलं,
पुन्हा मोजलं,
मग माझ्याकडची पेन्सिल मागून घेतली
आणि फॉर्मच्या पाठीवर वजाबाकी मांडली,
शाळेत मांडतात तशी, हातचा घेऊन.

दहा वर्षं, अकरा दिवस.

त्याला ठाऊक होतं का? मला नाही सांगता येणार.
फाइलीत तेवढं नाही.
कदाचित तो नुसताच हट्टी असेल.
कदाचित त्याला तिचं पंचेचाळीस मैल येणं
पुन्हा एकदा हवं असेल.
मार्चमध्ये गेला तो, डार्लाने सांगितलं,
वृद्धाश्रमात. आई गेली नाही मातीला.

बॉयलर सुरू झाला.
हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल काढली,
तीन पानं, प्रत्येकी पंचवीस सेंट,
शिक्क्याचा एक डॉलर वेगळा.
शिक्का जरा तिरका उमटला, पण उमटला.

ती दारापर्यंत गेली,
पाइपाखाली बरोबर वाकली,
आणि वळून म्हणाली,
"ते पेन्सिलीचं पानही द्या.
त्याचीही नक्कल."

पेन्सिल झेरॉक्सवर फिकी उठते.
मी काच पुसली, गडद करायचं बटण दोनदा दाबलं.
यावरही शिक्का मारू का, विचारलं.

नको म्हणाली.
आईला त्याचं अक्षर ओळखू येतं.