बिलासकट

अजनीच्या कंटेनर डेपोत
तीस वर्षं एकच दार राखलं बारापात्र्यांनी.
सील तोडा, खोकी मोजा, टक्के लावा.
परदेशी सुई असो की कुलूप,
आत येताना वाकूनच यायचं.

परवा परिपत्रक आलं: सुईवर आयातशुल्क शून्य.
तेवढा कर आता विक्रीवर.
साहेब म्हणाले, सोपं झालं, बाप्पा.
पेन्शनीला चार महिने उरलेल्या माणसाला
सगळंच सोपं असतं.

संध्याकाळी इतवारीत वेणूसाठी
मशीनच्या सुयांचं पाकीट घेतलं.
भाव तोच, जुनाच. शंभर.
शून्य वाटेत कुठं उतरलं, कुणास ठाऊक.
दुकानातला पोट्टा विचारतो,
"काका, बिलासकट देऊ का बिलाशिवाय?"

त्या दाराला निदान कडी होती.
इथं जितकी गिऱ्हाइकं तितकी दारं,
आणि आज या दारात
शिपाईही आपण, चोरही आपणच.

मागे खोळंबलेली एक बाई,
मुठीत दहाची घामेजली नोट.
तिला कुणी विचारलंच नाही;
तिच्या छापील किमतीच्या रिळात
कर आधीच गुंडाळलेला.

"दे बिल," बारापात्रे म्हणाले,
जरा मोठ्यानंच,
आणि वरच्या अठरा रुपयांसाठी
खिसा चाचपत राहिले.