एका बाजूला एकतीस

मी विचारलं, एका बाजूला किती?
इओसेफा म्हणाला, आज जितके आलेत तितके.
मोजले.
इकडे एकतीस, तिकडे सत्तावीस आणि एक कुत्रा
जो चेंडू अडवायचा, पण परत द्यायचा नाही.

सव्हाईच्या बोटीतून उतरलो तेव्हा पिशवीत
गुडघ्याचा पट्टा होता, उन्हाचं मलम,
आणि सवयीनं एक टोक काढलेली पेन्सिल.
तेवीस वर्षं बँकेच्या टीमचा स्कोअर लिहिला मी.
बॅट हातात आली ती
किटबॅगेत भरण्यापुरती.

इथली बॅट तीन धारांची,
गदेच्या नात्यातली, मुठीला काथ्या.
चेंडू रबराचा, वर केवड्याच्या पात्यांची वीण.
मैदान म्हणजे नीरफणसाची झाडं सोडून
उरलेली जागा.
एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला समुद्र,
आणि मधे घरं, ज्यांना भिंतीच नाहीत.
एक फटका एका घरात शिरला नि पलीकडून बाहेर पडला.
आत झोपलेल्या म्हाताऱ्यानं कूस बदलली,
एवढंच.

लुपे साठीची. कानामागे जास्वंद,
फुलाफुलांचा लव्हालव्हा कमरेला खोचलेला.
तीन पावलं धावते आणि चौथ्या पावलाला
तुमची काठी उडालेली असते.
काठी उडाली की समोरची अख्खी फौज नाचते,
शिट्टीच्या तालावर, मांड्यांवर थापा मारत.
जाता जाता आउट झालेलाही थोडं नाचून घेतो.
मी पेन्सिल काढली.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

मग मला बोलावलं. पाहुण्या गावाकडून खेळ म्हणाले,
तूही पाहुणाच.
लहानपणी गल्लीत मी कायम कच्चं लिंबू,
आउट झालो तरी कुणी मनावर घ्यायचं नाही.
इथं मात्र लुपेनं जास्वंद नीट खोचली,
बाह्या सरसावल्या,
माझ्याकडे असं पाहिलं
की मी चक्क घाबरलो,
आणि इतकं बरं वाटलं.

पहिला चेंडू पोटरीवर.
दुसरा कुठे गेला कोण जाणे.
तिसरा लागला.
लागला म्हणजे काय, खांद्यापासून टाचेपर्यंत
एक गोड झिणझिणी उतरत गेली,
चेंडू झाडांवरून पाण्यात,
तीन पोरं कपड्यांसकट त्याच्यामागे,
आणि मी पळतोय, पट्टा घोट्यापर्यंत घसरलाय,
पळतोय,
कुणीतरी ओरडतंय, बहुतेक मीच.

तेवढ्यात शंख वाजला.

बघता बघता मैदान रिकामं.
इओसेफानं बाही धरून मला जवळच्या घरात ओढलं,
खाली बस म्हणाला, प्रार्थनेची वेळ.
घराघरांतून स्तोत्र उठलं, जाडे आवाज, बारीक आवाज,
भिंती नाहीत म्हणून सगळ्या गावाचा एकच सूर.
मला शब्द कळेनात. मी धापा टाकत होतो,
पण तालात.
बाहेर पट्टीवर बॅट आडवी पडलेली.
पोरांनी पाण्यातून आणून टाकलेला चेंडू वाळूवर,
आणि त्याच्यापाशी कुत्रा, कान टवकारून.
सामना थांबलाय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अंधार पडल्यावर चटया अंथरल्या.
मी विचारलं, जिंकलं कोण?
लुपे हसली. अजून ठरायचंय.
जेवण कमी पडलं तर आम्ही हरलो,
नाहीतर तुम्ही.

म्हणजे आता सगळी मदार माझ्यावर.
पानात भाजलेला मासा, सुरणासारखा कंद,
नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू.
अळू आपलंच, फक्त चिंचगुळाला मुकलेलं.
मी खेळलो. खरंच मन लावून खेळलो.
एक वाढ, दुसरी, तिसरी.
पेन्सिल कधीच लुपेच्या नातवानं पळवली होती,
तो केळीच्या पानावर बोटी काढत बसला होता.

चौथ्या वाढीला मी पानावर हात आडवा धरला.

एकतीस माणसं उठली.
शिट्टी वाजली.
मी आउट.