कुठल्या रकान्यात

नार्व्याच्या शाळेत दुसरी-तिसरी एकत्र बसतात.
अकरा मुलं, एक फळा, एक पाझरणारा माठ.
मी पिशवीतले कागद जमिनीवर पसरते:
फेरीच्या धक्क्यावरून मागून आणलेली नोटीस,
खतखत्याची कृती, वहिनीच्या तिरक्या अक्षरातली,
आंब्यांवरचा एक उतारा, माझाच, रात्री जागून लिहिलेला.

"वाचायचं नाही अजून. आधी नुसतं बघा,
मजकूर कसा बसलाय.
मांडी घालून? की रांगेत उभा, हात धुवायला?"

तन्वेश गावस नोटिशीवर पालथाच पडतो.
खाडीला उधाण आल्यामुळे
दिवाडीची फेरी दुपारपर्यंत बंद.
"मुळे"वर बोट टेकवून ओरडतो,
"टीचर, हे बघा मूळ! इथूनच फेरी अडली!"
मी हसते, पण खोडत नाही.
मुळे, म्हणून, कारण.
तिन्ही शब्द फळ्यावर, लाल खडूनं.

आंब्यांवर भांडण होतं.
मानकुराद खायला, तर मुसराद मुरंब्याला;
दोन्ही आंबेच, पण.
"तराजू आहे हा," ज्योत्स्ना म्हणते,
"ह्या पारड्यात एक, त्या पारड्यात एक."
विशांत म्हणतो, "आमचं मानकुरादचं झाड तोडलं.
मग मी कशाशी तोलू?"
ह्याला माझ्या टाचणात उत्तर नव्हतं.
मी पुढच्या कागदाकडे वळले.

खतखतं सोपं गेलं.
आधी, मग, त्यानंतर, शेवटी ठेचलेली तिरफळं.
"उलटं वाचलं तर?"
"तर सगळ्या भाज्या परत परसात जातील!"
माठाजवळची दोघं हसून हसून आडवी झाली.

घरून एकेक कागद आणा, म्हटलं होतं.
दुसऱ्या दिवशी आले: विजेचं बिल, लग्नपत्रिका,
भजनी मंडळाचं पत्रक, हरवलेल्या बकरीची जाहिरात,
आणि सगळ्यांच्या शेवटी, चार घड्या घातलेली,
शमिका मळीकची रेशनची पावती. पाठीमागे निळं पेन:

आधी आतली कडी बघ.
मग गॅस. कळ आडवी असली की बंद.
चहापाव झाल्यावर आजोबांना पांढरी गोळी, निळी नव्हे.
शेवटी चावी तुळशीकडे, दगडाखाली.
गाडी पाचला येते म्हणून उठवलं नाही.

"कृती!" तन्वेश. "आधी, मग, शेवटी, सगळं आहे!"
"म्हणून पण आहे," ज्योत्स्ना अडून बसली,
"कारणाच्या गठ्ठ्यात टाका."
शमिका माझ्याकडे बघतही नव्हती.
"चीट ती," म्हणाली. "आवयची."

मी कागद उलटसुलट केला.
वर प्रिय नाही, खाली सही नाही, तारीख नाही.
पुस्तकातल्या नमुन्यात पत्राला किती जागा असतात,
इथं त्यातली एकही भरलेली नव्हती.
वेर्ण्याच्या फॅक्टरीत दिवसभर
दुसऱ्यांच्या गोळ्या डब्यांत भरणारी बाई
पहाटे साडेचारला, दिवा न लावता,
किती ओळी लिहिणार?

"मग कुठं ठेवू, शमिका?"
"ठेवू नका. उद्यापण लागेल."
त्याच घड्यांवरून घडी पडली, कागद खिशात गेला.

तपासनीसांच्या वहीत एक रकाना असतो:
उद्दिष्ट साध्य झाले काय.
खाली फेरीचा भोंगा वाजत होता. मी लिहिलं,
अकरापैकी दहा कागद जागेवर लागले.
अकरावा वापरात आहे.