पाचव्या दिवशी नळ

पहिलं गाणं सात नंबरच्या मागानं दिलं.
खटाक-खट, खटाक-खट,
मग अर्धा श्वास चुकून, खट.
रेवण म्हणाला, बे, ही चूक नाही, ठेका आहे.
त्याचे ड्रम म्हणजे मामाची हलगी,
रंगाचे दोन रिकामे डबे
आणि भंगारातली झांज, कडेला चिरलेली.

बँडचं नाव धोटा.
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
मध्ये हात घातला तर बोट गेलं समजा.

सुट्टीच्या दिवशी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
चादरींच्या गठ्ठ्यांवर स्पीकर ठेवून वाजवतो.
छताला चिकटलेला सुताचा भुगा
पहिल्या ठोक्याला डोक्यावर उतरतो,
एका गाण्यात चौघं म्हातारे होतो.

माझ्या गिटारला अब्बांच्या ताशाची घाई आहे,
मोहरमच्या रात्री सवारीपुढची.
अंबादासची आई विड्या मोजते तेलुगूत,
ओकटी, रेंडू, मूडू,
तो तेच आकडे बेसवर मोजतो.
आणि बहीण नुजहत ओरडते. गाते म्हटलं तर तिलाच राग येईल.
अर्धं मराठीत, अर्धं घरच्या दखनीत:
नळकू पानी नै, पन बिल आता बराबर!
लोक गाण्याआधी तिच्या ओढणीबद्दल बोलतात.
ती त्याच ओढणीनं माईक पुसते.

पुण्याहून एकाचा फोन आला.
थोडं सुफी चालेल का? कव्वालीसारखं?
स्टेजवर टोप्या घालाल ना, छान दिसेल.
नुजहत म्हणाली, सुफी बसवते की.
कुठं बसवू, हंड्यात का बादलीत?

मुनीरभाई म्हणतात, हे आपलं नाही.
चौकीतले साहेब म्हणतात, हे तुमचं काय चाललंय?
आपलं आणि तुमचं,
या दोन शब्दांमध्ये दीड फूट जागा आहे.
आम्ही तिथंच सामान लावतो.

मे महिन्यात विजापूर वेशीच्या मागच्या गल्लीत वाजवलं.
खुर्च्या नव्हत्या. ओटे होते, जिने होते,
शेंगाचटणीची परात घेऊन आलेल्या दोन काकू,
आणि बंद दुकानाच्या फळीवर मुनीरभाई,
पाठ आमच्याकडे करून, पण बसलेले.
तिसऱ्या गाण्यात, अगदी ओरडायच्या जागी,
कुणीतरी आमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलं:
पाणी आलंय!

गल्ली रिकामी.
काकू गेल्या, पोरं गेली,
नुजहत माईक पायरीवर टाकून हंडा घेऊन पळाली.
उरले गफूरचाचा. तीस वर्षं मागाचे जॉबर,
एका कानानं पूर्ण बहिरे.
रंगाच्या डब्यावर तळवा ठेवून उभे.
सात नंबर, म्हणाले. पट्टा ढिला है.
मी त्याला दर महिन्याला नीट करतो
आणि तुम्ही पोरं त्याचं बिघडणं पाठ करता.
हसत होते का, कळलं नाही.
खिशातला पाना काढून झांजेचा नट आवळला फक्त.

पायरीवरचा माईक चालूच होता.
नळाची धार हंड्यात,
आधी जाड, ढब्बू आवाज,
मग भरत जाईल तसा बारीक, वर, आणखी वर.
रेवणनं काठ्या उचलल्या
आणि हंडा काठाला यायची वाट पाहत बसला.