ऐंशीच्या खाली

दोघांनी जिन्यावरून चढवला,
तिसरा नुसता "हळू, हळू" म्हणत होता.
काळा चौकोनी डबा, पोटात बारा इंची शंकू,
मागे दोन बटणं आणि एक खटका.
"दोन स्पीकर आहेत की घरात," मी म्हटलं.
"ते वरचं बोलतात," हे म्हणाले, "हा खालचं बोलेल."
फंडाच्या पैशातून खालचं बोलणं घेतलं.

मग माझी खुर्ची गेली, निवडण-टिपणाची.
तिच्यावर डबा बसवला व्याह्यासारखा,
आणि वीज मंडळाचे निवृत्त ऑपरेटर
देवपुरातल्या हॉलभर रांगू लागले.
टीव्हीखाली कान. शोकेसपाशी कान. दाराआड.
जिथे भरेल पण घुमणार नाही
तिथे त्याची जागा, असा नियम म्हणे.
दूधवाला गोरख उंबऱ्यात थबकला:
"काय धुंडी ऱ्हायनात आबा?"
मी म्हटलं, "खरज."

ऐंशीच्या वर त्या दोघांचं,
ऐंशीच्या खाली याचं;
भावाभावांत बांध घालावा तसं बटण फिरवलं.
खटका इकडे केला तर आवाज पातळ,
तिकडे केला तर दाट.
मी म्हटलं तिकडे. हे म्हणाले इकडे.
तिकडेच आहे.

पहिल्या रात्री डाळींच्या डब्यांची झाकणं बोलली.
शोकेसच्या काचेत मी घडी घालून
कॅलेंडरचा सरता महिना खुपसला.
मग तबला लावला यांनी, आणि मी पोळी तव्यावर विसरले:
इतकी वर्षं आमच्या घरी तो उजव्या हातानंच वाजवत होता,
आज त्याला डावा फुटला.

तेव्हा आठवली ती कॅसेट.
अठ्ठ्याऐंशीची, चोपड्याची, लग्नाआधीची.
रमणदादानं भरलेली, जळगावच्या आकाशवाणीला पाठवायची म्हणून.
कानबाईचं गाणं. तिसऱ्या कडव्यात मी थांबते.
नुसती खरखर. मग दादाचा "अगं?" आणि खट्ट.
गेली नाही ती जळगावला.
दर श्रावणात रोट वाढताना कुणीतरी म्हणतंच,
"वाढ, वाढ, नाहीतर ताई विसरेल."
मीही हसते. मलाही तसंच वाटत आलं.

डेकमध्ये घातली.
खरखरीच्या तळाशी
धप्. धप्. धप्. धप्.
"अर्थिंग," हे वायरीकडे वाकले.
"थांबा. हात लावू नका."

भिकचंदची गिरणी.
आमची आणि तिची भिंत एक होती.
डिझेलचं इंजिन, दिवसभर,
भांड्यातलं पाणीसुद्धा त्यावर थरथरायचं.
ढोलकी कुठली आमच्याकडे? मी त्यावरच म्हणत होते.
पहिलं कडवं, धप् धप्.
दुसरं, धप् धप्.
तिसऱ्यात,
डिझेल संपलं असेल, किंवा लोकांचं दळण,
धप्...
धप्.

आणि तिथेच, बरोबर तिथेच, माझा आवाज.
पायाखालून पाट काढल्यासारखा.

तीनदा ऐकलं.
मग दादाला फोन लावला, डब्यापुढे धरला.
"ऐकू आलं?"
"काय? तू थांबलीस, तेच ना?"
"त्याच्या खाली ऐक."
"खाली काही नाही, ताई."
फोनला खालचं जमत नाही, हे म्हणाले.
माणसाला तरी कुठे.

आवाज वाढवला.
झाकणं, काच, कॅलेंडर, सगळं हललं,
आणि दार वाजलं.
खालच्या मजल्यावरच्या बागुलबाई,
हाताला कणीक तशीच:
"काय हो, घरात पिठाची गिरणी टाकली का?"

मी त्यांच्या कानाला फोन लावला.
"हेच," म्हटलं, "हेच जरा
यांना सांगा."