जुनं मशीन देताना

बस. आधी पाणी पी.
विडी घरकुलापासून इथवर
रिक्षाला साठ रुपये दिलेस ना,
ते कुठं लिहिलेस?
नाही लिहिलेस.
मग हिशोब तिथूनच गळायला लागला, नागमणी.

हे मशीन. काय बघलालीस, रंग उडालाय?
रंगानं कधी शिवलं नाही माझं.
पट्टा नवा आहे. मोटर दोनदा भरून घेतली.
खाकीची चार पदरं आली की एक टाका सोडतं,
तिथं चाक हातानं फिरव.
दोष आधी सांगून टाकावा.
लपवला तर गिऱ्हाईक परत येतं खरं,
पण भांडायला.

जून लागला की साखर पेठेतली सगळी पोरं
एका रात्रीत वाढतात.
तेव्हा जेवायला वेळ नसतो,
आणि दिवाळीनंतर जेवायला काय, असा प्रश्न.
म्हणून जूनचे पैसे जूनमध्ये खाऊ नकोस.
टॉवेलच्या कडा मार, उशांचे अभ्रे घे,
फॉल-पिकोची पाटी लाव, लाज कसली?
थांबलेल्या मशीनला गंज चढतो,
थांबलेल्या बाईला
सगळं घर कामं सांगतं.

भाव कसा काढशील, सांग बघू.
कापड, दोरा, काज, बटण, लाईटबिल.
आणि?
आणि तू?
माझी आई हजार विड्यांमागं मजुरी मोजून घ्यायची,
पान कमी दिलं की कारखान्याच्या दारात
तेलुगूत एक, मराठीत एक, अशी शिवी घालायची.
मी तिची लेक. मालकीण झाले,
आणि सात वर्षं स्वतःला फुकट राबवलं.
कुणाशी भांडणार?

मावशी ब्लाउज घेऊन येईल. येणारच.
एकदा फुकट शिव,
पण फुकट आहे हे तोंडानं सांग.
नाही सांगितलंस तर पुढच्या खेपेला
तो तिचा हक्क झालेला असतो.

बँकेतला साहेब तीनदा परत पाठवेल.
चौथ्यांदा जा. दोन फोटो जास्तीचे ने.
त्या पैशात फ्रिज घेऊ नकोस.

एक साल दोनशे चाळीस शर्ट शिवले,
खिसा सगळ्यांचा उजवीकडं.
सगळ्यांचा!
शाळेनं गठ्ठे दारात आणून टाकले.
रात्री दहाला मी एकटी उसवत बसलेले,
तेवढ्यात समोरची मेहरुन्निसा आली.
धंदा तोच, गिऱ्हाईक तेच,
बोलणं बंद होतं आमचं दोन वर्षं,
एका काजाच्या मशीनवरून.
पदराच्या टोकाला ब्लेड बांधून आली होती.
पहाटेपर्यंत बसली.
मी विचारलं, तुला गं काय पडलंय?
म्हणाली, जून संपला की
दोघींनाच बसायचंय इथं, तोंडाला तोंड लावून.

तुझ्या गल्लीत अशी एक शोध.
नसली तर
आधी तूच कुणाकडं तरी ब्लेड घेऊन जा.

मी का विकलाले?
सुईच्या नाकात दोरा ओवायला
आता शेजारचं पोरगं बोलवावं लागतं,
आणि त्याला दर वेळी गोळी द्यावी लागते.
तो खर्चही लिहिते मी.

नऊ हजार.
आठ? आठाला पाय येतील, मशीन नाही.
बरं, साडेआठ. चल, उचल.

काय म्हणालीस?
साडेआठमधून रिक्षाचे साठ वजा?

… घे. आठ हजार चारशे चाळीस.
मोजून दे. माझ्यासमोर लिही.

टेंपो कन्ना चौकाकडं वळला.
फरशीवर चार पायांचे चार डाग,
मधे दोऱ्यांची धूळ, एक निळं बटण.
समोरून मेहरुन्निसा ओरडते,
गेलं का गं?
गेलं.
कितीला?

मी पाचशे वाढवून सांगते.