बोअर क्रमांक सात

मालधक्क्याच्या मागं रूळ उचलून नेले, त्याला वर्षं झाली.
स्लीपरांच्या जागा तेवढ्या राहिल्या
गवतात आडव्या, निजवलेल्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या.
तिथं दस्तगीर नदाफ यंत्राचे पाय रोवतो,
पाणसळ बघतो, बिडी कानावर खोचतो,
"मॅडम, बिस्मिल्ला करू?"

सहा भोकं कालच झाली. सहाही गरीब निघाली,
नुसता मुरूम.

ऑगर फिरतो. आधी येतो भराव,
खडी, राख, एक वाकडा खिळा,
मग काळी चिकणमाती, लोण्यासारखी कापली जाणारी,
आणि सव्वा मीटरवर तिला तवंग.
मोरपिशी. उन्हात धरली नळी तर सुंदर दिसेल इतका.

दस्तगीर मोतीबागेकडच्या कुठल्याशा तालमीत वाढलेला.
म्हणतो, "हौद्यातल्या मातीला आम्ही ताक पाजायचो,
हळद, लिंबू, तेलाचे डबेच्या डबे.
मातीलाबी खुराक लागतो, मॅडम.
हिला काय पाजलं वो?"

डिझेल, म्हणते मी. स्लीपरांचं डांबर.
गवत मरावं म्हणून फवारलेलं काहीतरी,
त्याचं नाव मी पुण्याहून आकडे आल्यावर सांगेन.

हातमोजे बदलायचे, दर नमुन्याला नवे.
बरणी काठोकाठ भरायची, हवा राहू द्यायची नाही.
नमुना हुंगू नये, असं शिकवलंय.
सगळेच हुंगतात.

इथं बाग होणार आहे म्हणे. घसरगुंडी, दोन झोके.
एक मूल दिवसाला किती माती खातं
याचाही आमच्याकडं आकडा असतो:
दोनशे मिलिग्रॅम. चिमटीहून कमी.
कुणीतरी बसून मोजलं असेल ते,
कुठल्याशा पोराची बोटं धुऊन.

शेवंताक्का कुंपणाच्या तारेखालून वाकून आली.
तिचा वाफा इथून पंधरा पावलांवर,
मेथी, थोडी अंबाडी, कडेनं झेंडू.
"काय सोनं गावलं का गं?"
मी काही बोलायच्या आत
ती गुडघ्यांवर बसली, नळीवर नाक नेलं,
आणि तशीच राहिली.

"आमच्या मालकांच्या खाकी शर्टाला ह्योच वास यायचा.
सोडा घालून उकळला तरी जायचा न्हाई.
लई भांडलेय मी ह्या वासाशी."
मग हळूच, जणू माझी परवानगी हवी होती,
"शर्ट बोहारणीला दिला. पातेलं घेतलं.
चुकलंच माझं."

दस्तगीरनं इंजिन बंद केलं.
लांब कुठंतरी गुळाच्या रव्यांचा ट्रक उतरत होता,
हमालांची हाळी, मग तीही थांबली.

फॉर्मवर रकाना असतो: वास.
मी लिहिलं, तेलकट, तीव्र.
रकाना लहान होता.

भोक बुजवलं. उरलेली माती पिंपात, पिंपाला झाकण, झाकणावर तारीख.
शेवंताक्कानं वाफ्यातून एक जुडी उपटून आणली,
"घे. कवळी हाय. शेंगदाण्याचं कूट घालून कर."

मी पिशवी काढली. झिप लावली.
लेबलवर लिहिलं: बो-७ जवळ, मेथी, मुळांसह.
आणि बर्फाच्या पेटीत ठेवली.

तिनं पाहिलं.
"खायला दिलती गं."

सांगायला हवं होतं तेव्हाच,
की आकडे येईस्तोवर तूही खाऊ नकोस,
वीस वर्षं खाल्लीस ती खाल्लीस.
सांगितलं मी. अर्धंच, सरकारी मराठीत:
"खबरदारीचा उपाय म्हणून."

ती हसली नाही, रागावलीही नाही.
वाफ्यावर गेली, दुसरी जुडी उपटली,
मातीही झटकली नाही,
"ती तुझ्या पुण्याला. ही तुला."

परीख पुलाखाली गर्दी अडकली होती.
स्कूटरच्या हुकाला जुडी हेलकावत होती
आणि मुळांची माती, ओली, काळी,
थोडी थोडी माझ्या पायांवर पडत होती.